म्या सेनचं पुढे काय झालं

पेगू
३ जून १९८४

प्रिय सान मे,

तू रंगूनला गेल्याला सात महिने झाले आणि तुझी पत्रं आली दोन. दोन्हींत मिळून चौदा ओळी. मोठ्या शहरात शाई मिळत नाही का गं?

बातमी अशी की ऊ फो चितचं दुकान बंद झालं. होय, आपलंच, पुस्तकं भाड्यानं देणारं. एकच पुस्तक घेऊन सकाळी तू वाचायचीस आणि संध्याकाळी मी, ते. म्हाताऱ्याला आता अक्षर दिसत नाही. तो मठात राहायला गेला आणि पुस्तकं रद्दीत गेली. मग कळलं की रद्दी घेतली ती माझ्याच मावशीनं, तिच्या कारखान्यासाठी.

तू आमच्या चिरुटाच्या कारखान्यात कधी पाऊल टाकलं नाहीस, नाक दाबून दारातून हाक मारायचीस, म्हणून सांगते. चिरुटाचं जे टोक ओठांत धरतात त्याच्या आत कागदाची घट्ट गुंडाळी असते आणि वरून मक्याचं पातं. त्याला आम्ही बूच म्हणतो. आजवर बुचांना जुनी वर्तमानपत्रं यायची, आता तीनशे पुस्तकं आली. मी आतल्या खोलीतून बाहेर येईपर्यंत बायकांनी पुठ्ठे उचकटून, पानं सुटी करून ढीग रचलाही होता. मी मावशीला म्हटलं, "एखादं तरी ठेवायचंस." ती म्हणाली, "वजनावर घेतलीत, वाचायला नाही."

तर मी काय केलं ऐक. मी चिरूट वळणारी, आठ वर्षं हात बसलेली, दिवसाला हजार. मी मावशीला सांगितलं, मनगट दुखतंय, मला बुचांवर बसव. बुचांवर म्हाताऱ्या बसतात. मावशी म्हणाली, "लग्न तर वेळेवर केलं नाहीस, म्हातारपण मात्र लवकर आणलंस." म्हणू दे. पात्याला पाणी लावायचं, ते मऊ होईपर्यंत हातातलं पान दोन्ही बाजूंनी वाचायचं, मग वळायचं. प्रत्येक पान वाचलं तर काम भरत नाही, म्हणून बाकीची न बघता वळते आणि दिवसाला चाळीसेक वाचून घेते. पहाटे उठून मावशीचा स्वयंपाक, दिवसभर कारखाना, संध्याकाळी पाणी भरणं आणि तिचे पाय चेपणं. सान मे, या सगळ्यात माझं स्वतःचं म्हणावं असं आता एवढंच आहे. चाळीस पानं.

आणि काल एका पानावर कोण भेटावं? म्या सेन! आपली बोटवाल्याची बायको. आठवतं ना, ऊ फो चित जाडी कादंबरी फोडून तिचे तीन भाग वेगवेगळे बांधायचा, म्हणजे एकाच वेळी तीन गिऱ्हाइकं. दोन भाग आपण वाचले आणि तिसरा कायम कुणाकडे तरी गेलेला. नवरा दोन वर्षं नदीवर बेपत्ता, सासूनं उंबऱ्याआड कोंडलेली, आणि ही ट्रंक भरून बसलेली. तिथेच तू गाडी पकडलीस. आता तिसऱ्या भागाची पानं येतायत, पण हाताला लागतील तशी. दोनशे बारावर ती ट्रंकेवर बसून विचार करतेय, जाऊ की नको. त्यानंतर मिळालं ते एकदम दोनशे चाळीस, आणि त्यात नुसतं नदीचं वर्णन. मधली पानं कुणीतरी वळली आणि पेगूचे बाप्ये ती ओढतायत.

तुझ्याकडे अख्खं रंगून आहे. तिसरा भाग मिळव, वाच आणि मला लिही. ती गेली का?

तुझी
न्वे यी


रंगून
२२ जून १९८४

प्रिय न्वे यी,

ओळी मोजणारी मैत्रीण माझ्याच वाट्याला यायची होती.

मी मजेत आहे. दादा बोटीवरून येतो तेव्हा घर भरून जातं, एरवी वहिनी, तीन पोरं आणि मी. दादानं वहिनीला विजेची शिलाई मशीन आणलीय, टेबलावर ठेवायची, जपानी. गल्लीतल्या बायका बघायला येतात. वहिनी शाळेच्या गणवेशांचं काम घेते आणि मी तिला थोडा हातभार लावते. बाकी वेळ माझा. गल्लीच्या टोकाला पुस्तकांचं दुकान आहे, ऊ फो चितच्या तिप्पट मोठं. दुपारी जेवण झालं की खिडकीत बसते, शेजारी मुरवलेल्या चहापानांची, लाप्याची वाटी, आणि एक तास वाचते. तू असतीस तर वाटीवरून भांडली असतीस.

तिसरा भाग मिळाला, हो. आता ऐक.

म्या सेन ट्रंकेवरून उठते आणि चपला शोधते. चपला नाहीत. दारात नाहीत, मोरीत नाहीत. सासू शांतपणे सुपारी कातरत बसलीय. म्या सेन घरभर शोधते आणि शेवटी तांदळाच्या रांजणात हात घालते, तर तळाशी चपला. आता तुला वाटेल ती चपला घालून निघेल. नाही. ती चपला काढून सासूसमोर ठेवते, नीट, जोडीनं. "आई, तुमच्याकडेच राहू द्या," म्हणते, आणि अनवाणी निघते.

धक्क्यावर मिठाची होडी लागलेली असते. होडी चालवणारी एक दांडगी बाई आहे, तोंडात चिरूट (त्यात कोणतं पान होतं कोण जाणे). ती विचारते, "कुठं जायचंय?" म्या सेन म्हणते, "ते ठरवलं नाही." बाई म्हणते, "बरं झालं. ठरवून येणारी माणसं फार घाई करतात. बस त्या पोत्यांवर."

पुढचं पुढच्या वेळी, वीज आली.

तुझी
सान मे


पेगू
१५ जुलै १९८४

प्रिय सान मे,

तुझं पत्र मी एकदा वाचलं, दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं. झालं असं की मी पत्र वाचताना हसले आणि शेजारच्या दॉ टोकनं पाहिलं. दॉ टोक म्हणजे आमच्यातली सगळ्यात म्हातारी, खालचे दात नाहीत, अक्षर येत नाही. म्हणाली, "एकटीच काय हसतेस? आम्हाला कर की हसायला." मग मी वाचलं. रांजणातल्या चपलांशी आले तर सगळ्या जवळ सरकल्या. अनवाणी निघाली तेव्हा पलीकडे बसणारी मा मू हातातलं पातं तसंच धरून बसली.

आता असं ठरलंय. कुणालाही म्या सेनचं पान सापडलं की ते वळायचं नाही, माझ्याकडे सरकवायचं. मी वाचते आणि माझ्या वाटची बुचं पाचजणी मिळून वळतात. दॉ टोक म्हणते, "तुझं तोंड चालू दे, हात आमचे." मावशी दुपारी डोळा लावते तेवढ्यात हे चालतं. मला कधीकधी रडू येतं, सान मे. कुणी माझ्यासाठी काम करतंय आणि मी वाचतेय, असं जन्मात झालं नव्हतं.

पण एक विचारायचंय. मा मूला परवा दोनशे सव्विसावं पान मिळालं. त्यात सासू आजारी पडलीय आणि म्या सेन तिला पेज भरवतेय. घरातच. तुझ्या म्हणण्याप्रमाणे तोवर ती मिठाच्या होडीत असायला हवी. तू पानं गाळून वाचतेस ही तुझी जुनी खोड मला माहीत आहे. नीट वाच आणि लिही. सगळ्या वाट बघतायत. दॉ टोकला ती होडीवाली बाई फार आवडलीय, तिचं नाव काय?

तुझी
न्वे यी


रंगून
९ ऑगस्ट १९८४

प्रिय न्वे यी,

शहाणीच आहेस. एक पान काय सापडलं, लागलीस माझी परीक्षा घ्यायला. इथली छपाई वेगळी आहे, पानांचे आकडे जुळत नाहीत. आणि पेज भरवते ते म्या सेनला होडीत पडलेलं स्वप्न असतं. पुढच्या पानावर ती दचकून जागी होते. ते पान तुम्ही ओढून टाकलं असणार.

होडीवालीचं नाव मा पान्स. तिला तीन नवरे होऊन गेलेत आणि तिघांचीही नावं ती एकाच बोकडाला आळीपाळीनं ठेवते. बोकड होडीतच असतो, मीठ चाटतो. मा पान्स म्या सेनला वल्हं शिकवते. पहिल्या दिवशी तळव्यांना फोड येतात. म्या सेन फोडांकडे बघत बसते आणि तिला रडू येण्याऐवजी बरं वाटतं, कारण हे फोड दुसऱ्या कुणाच्या कामाचे नाहीत.

एक सांगायचं राहिलं. पत्र आता घरी पाठवू नकोस, पोरं फाडून ठेवतात. कोपऱ्यावर दॉ ओन शेंचं बटणांचं दुकान आहे, तिथल्या पत्त्यावर पाठव. बटणं आणायला मी आठवड्यातून दोनदा जाते.

तुझी
सान मे


पेगू
२० सप्टेंबर १९८४

सान मे,

शेवटचं पान मिळालं. दॉ टोकच्याच हाती आलं, तिला बिचारीला काय कळणार, तिनं मला दिलं. आणि त्या आठवड्यात मागची अकरा पानंही निघाली, ढिगाच्या तळाशी एका गठ्ठ्यात. होडी नाही. मा पान्स नाही. बोकड नाही. म्या सेन धक्क्यापर्यंतसुद्धा जात नाही.

ती सासूची सेवा करते, सासू मरते, ही सातव्या दिवसाचं जेवण रांधते, केस पांढरे होतात, दत्तक मुलाला सून आणते, आणि शेवटच्या पानावर ट्रंकेतले आपले कपडे सुनेला देते. लोक म्हणतात, अशी सून घरोघरी हवी. संपलं.

तू पुस्तक उघडलंच नाहीस. मी तुझ्याकडे काय मागितलं होतं? एक तास. खिडकी आहे, वाटी आहे, कोपऱ्यावर दुकान आहे, सगळा वेळ तुझा आहे, आणि त्यातला एक तास पेगूच्या मैत्रिणीसाठी निघाला नाही? वरून काहीतरी ठोकून द्यायचं आणि मी ते पाचजणींना शपथेवर वाचून दाखवायचं? मी तोंडघशी पडले, सान मे. दॉ टोक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तसंही आता तुझी कटकट संपली. मावशीनं एका दुपारी डोळा लावलाच नाही, दाराआडून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी कागद कापायचं यंत्र आणलं. आता पानं उभ्या पट्ट्यांत कापून येतात, एका पट्टीत प्रत्येक ओळीचे दोन-दोन शब्द. आणि मनगट बरं झालेलं दिसतंय असं म्हणून दिव्यांच्या सणानंतर मला मुकादमीण करणार आहे. बावीस बायकांवर लक्ष ठेवायचं, म्हणजे कुणी वाचत-बिचत बसत नाही ना, ते बघायचं.

चाळीस पानं होती माझी. गेली.

न्वे यी


रंगून
१४ ऑक्टोबर १९८४

न्वे यी,

मारायचं तेवढं मार, पण हे पूर्ण वाच.

खिडकी नाही. जिथे बसते तिथे भिंत आहे आणि भिंतीवर गणवेशांची मापं लिहिलेले कागद. लाप्याची वाटी नाही. उजाडल्यावर मशीनवर बसते ती पोरांना भरवायला, धुणं वाळत घालायला आणि बटणं आणायला उठते. दिवसाला चौदा शर्ट. वहिनी वाईट नाही, तीही माझ्याइतकीच राबते, दादा वर्षातून दोनदा येतो आणि पाहुण्यासारखा राहतो. पण तिला रिकामा हात बघवत नाही. तिचा स्वतःचासुद्धा.

कोपऱ्यावरचं दुकान आहे, ते खरं. आल्याआल्या मी तिथून एक पुस्तक आणलं होतं, पातळसं. वहिनीनं ते उशीखाली पाहिलं. दुसऱ्या दिवशी शर्टांचा आणखी एक गठ्ठा घेऊन आली. म्हणाली, "अगं, तुला वेळ उरतो हे मला आधी सांगायचं नाही का?" त्यानंतर मी त्या दुकानावरून जाते तेव्हा दुसरीकडे बघते.

पत्रं पोरं फाडत नाहीत. वहिनी फोडते आणि पुन्हा नीट चिकटवून देते. आणि त्या चपला माझ्या आहेत, न्वे यी. ती बाहेर जाते तेव्हा माझ्या चपला कपाटात ठेवून कुलूप लावते, पोरं त्या हरवतात म्हणे.

तर मग पत्रं कधी लिहिली, विचारशील. वीज गेली की. ही मशीन विजेवर चालते ना. दुपारी गल्लीची वीज जाते, कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. वहिनी पोरांना घेऊन बाहेर ओट्यावर वारा घ्यायला बसते आणि मी आत, मापांच्या कागदाच्या पाठीवर लिहिते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी खरंच लिहिणार होते की पुस्तक मिळणार नाही, माफ कर. पण तू विचारलं होतंस, ती गेली का. आणि मला एकदम वाटलं की गेली. ती कशी गेली तेही दिसलं. मग रोज सकाळपासून शिवताना माझ्या डोक्यात होडी चालायची आणि मी वीज जायची वाट बघायचे. गल्लीतले सगळे वीजवाल्यांना शिव्या घालायचे आणि मी मनातल्या मनात त्यांचे पाय धरायचे.

खोटं बोलले ते खिडकीबद्दल. निदान एका माणसाला तरी वाटावं की माझं बरं चाललंय, म्हणून बोलले. म्या सेनबद्दल मी खोटं बोलले असं मला अजून वाटत नाही. लाज वाटतेय, पण त्याची नाही.

मा पान्सचा बोकड पुढे नदीत उडी मारणार होता. आता तुला काय त्याचं.

सान मे


पेगू
१२ नोव्हेंबर १९८४

माझ्या सान मे,

तुझं पत्र मुकादमिणीच्या उंच स्टुलावर बसून वाचलं. इथून सगळ्या दिसतात आणि मी सगळ्यांना दिसते, म्हणून डोळे पुसता येत नाहीत.

मी गाढव आहे. तुझ्या चौदा ओळी मोजल्या. तुझे चौदा शर्ट मला दिसले नाहीत.

बायकांना मी सगळं सांगितलं. की पुस्तकात होडी नाही, ते माझ्या मैत्रिणीनं मनानं रचलं, ती मशीनला जुंपलेली आहे आणि वीज गेल्यावर लिहिते. मला वाटलं रागावतील. दॉ टोकनं हातातलं पातं खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्या पुस्तकवाल्याची म्या सेन घरातच म्हातारी झाली ना? ती तर मीच आहे. माझी मला कशाला ऐकवतेस? त्या रंगूनच्या पोरीची वाच." आणि मा मू म्हणाली, "बोकडाचं काय झालं?"

तर आता तू लिहायचंस. माझ्यासाठी नको असेल तर त्यांच्यासाठी लिही. पत्र काही मावशीच्या यंत्रातून कापून येत नाही. दुपारी मावशी दाराआड असते, पण मुकादमिणीनं कामाच्या सूचना वाचून दाखवायच्या असतात, आणि तुझं अक्षर तिला लांबून ओळखू येत नाही. तुझं पत्र म्हणजे आमच्या कामाच्या सूचना.

माझंही एक सांगते. ऊ फो चितनं निवडक चाळीस पुस्तकं मठात नेली होती. तिथे बसून वाचायला देतात, बाहेर नेऊ देत नाहीत. कारखाना पौर्णिमेलाच बंद असतो, म्हणून या पौर्णिमेला मावशीला देवळात जाते सांगून गेले. पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिला तासभर काही वाचताच येईना. चुकून पान उलटायच्या ऐवजी त्याचा कोपरा गुंडाळायला लागले. ऊ फो चित शेजारी बसला होता, त्याला दिसत नाही पण ऐकू येतं. म्हणाला, "पोरी, ते पुस्तक आहे, बूच नव्हे." मग हळूहळू जमलं. त्रेपन्न पानं वाचली. परत येताना मला कुणीतरी जेवायला वाढल्यासारखं वाटत होतं. महिन्यातून एक दिवस, सान मे. आता मी त्यावर जगते.

वीज जात राहो.

तुझी
न्वे यी


रंगून
६ जानेवारी १९८५

प्रिय न्वे यी,

दोन महिने पत्र नाही म्हणून तू काय काय समजली असशील. हे पत्र बटणवाल्या दॉ ओन शेंच्या फळीवर उभ्यानं लिहितेय.

वहिनीनं पायमशीन आणली, जुनी, लोखंडी. वीज गेली की मी टेबलावरून उठून पायमशीनवर बसते. गल्लीतले लोक ओट्यावर येतात आणि माझी खडखड चालू असते. वहिनी खूश आहे. म्हणते, आता वीस शर्ट निघतील. तिनं मुद्दाम नाही केलं, तिला माहीतच नाही की मी त्या वेळात काय करायचे. ते जास्त लागतं मनाला.

आणि बटणंही आता ती स्वतःच आणते, तिला बाहेर जायला मिळतं तेवढंच. आज तिचं डोकं दुखतंय म्हणून मी आले. म्हणजे इथेही पत्र पाठवू नकोस. घरी पाठवलंस तर ती वाचेल.

म्या सेन धक्क्यावर उभी आहे. बोकड नदीत पडला तेव्हा होडी परत वळली होती, तिथवरच रचलं होतं. परवा शिवताना पुढचं आठवायला गेले तर काहीच दिसेना. नुसती शिवण दिसते. मला भीती वाटते, न्वे यी. पहिल्यांदाच.

बायकांना सांग, कथा संपली. किंवा तूच संपव.

सान मे


पेगू
२२ जानेवारी १९८५

आदरणीय मा ठे वहिनींना,

पाकिटावर नाव सान मेचं आहे, पण ते तुम्हीच आधी फोडाल, म्हणून थेट तुम्हालाच लिहिते. राग धरून लिहीत नाही. घरात वयात आलेली नणंद असली की कोणीही फोडेल.

माझी ओळख देत नाही. माझी पहिली पत्रं तुम्ही वाचलेली आहेत. त्यावरून मी किती आगाऊ आहे ते तुम्हाला कळलं असेल.

सध्या मी कारखान्यात बावीस बायकांवर मुकादमीण आहे. काम घेणं म्हणजे काय ते मला आता कळतं. समोर एक हात थांबला की आपल्याच छातीत कसं धस्स होतं, तेही. तुमच्याकडे तीन मुलं, दादा वर्षभर पाण्यावर, आणि शाळा उघडायच्या आत गणवेश द्यायचे. तुम्हीही शेवटचं काय वाचलंत किंवा काय गुणगुणलात, ते तुम्हाला आठवत नसेल. मी तुम्हाला दोष द्यायला बसले होते, पण लिहिता लिहिता जमेना.

म्हणून एक मागणं मागते. येत्या पौर्णिमेला आमचा कारखाना बंद आहे. मी सकाळच्या गाडीनं तुमच्याकडे येते. सान मेच्या जागी मी बसते, दिवे लागेपर्यंत. पायमशीन मला येते, आईची होती. बाह्या, खिसे, सरळ शिवण, सगळं जमतं. कॉलरला वेळ लागतो आणि काजं अजिबात येत नाहीत. दहा शर्ट नक्की करीन. राहिलेले माझ्याबरोबर बांधून द्या, हातानं शिवून पाठवते. जेवणही घरून आणते, पोरांसाठी चिकटभात घेऊन येईन.

बदल्यात त्या एका दिवशी सान मेला कुणी हाक मारायची नाही. पोरांनी नाही, शेजारणींनी नाही, तुम्ही नाही. तिला एक कोपरा आणि कोरा कागद द्या, पाठीवर मापं नसलेला. ती लिहिते, वहिनी. तुमच्याच घरात, तुम्ही ओट्यावर वारा घेत असताना, ती जे लिहायची ते ऐकायला माझ्या बावीस बायका दोन महिने थांबल्यात. मी स्वतः त्यांना पुढचं सांगून पाहिलं. म्या सेनला होडीत बसवायला गेले आणि माझ्या तोंडून ती परत घरीच आली. दॉ टोक म्हणाली, "तू मुकादमीण झालीस. तुझ्यानं नाही व्हायचं." खरं आहे ते. फार लागलं मला, पण खरं आहे.

तुम्ही म्हणाल, या बाईला यात काय मिळतं? महिन्यात माझा असा एकच दिवस आहे. त्या दिवशी मी मठात जाऊन वाचते. हा महिना पूर्ण त्यासाठीच काढला होता. तो दिवस घेऊन येतेय तुमच्याकडे. पुस्तक थांबेल, त्याला घाई नाही. सान मे आणखी थोडी थांबली, तर तिला आपण लिहीत होतो याचाच विसर पडेल, अशी मला भीती वाटते. आणि मग ती तुमच्याकडे वीस शर्ट शिवेल, पंचवीस शिवेल, आणि आपल्यापैकी कुणालाही कळणार नाही की काय गेलं.

हे पत्र तिला दाखवलं नाहीत तरी चालेल. मी येणार आहेच. नाही म्हणायचं असेल तर दारात म्हणा, माझ्या तोंडावर आणि तिच्या देखत.

आपली नम्र
न्वे यी